बाबांच्या चालीने धामापूर

रेडीतल्या आमच्या घराच्या पडवीत एक आरामखुर्ची आहे. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून ती बाबांचीच झाली होती. त्या श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही. मनगट सुजले, गुडघा खरचटला आणि दोन आठवड्यांत दोन्ही बरे झाले. बरी झाली नाही ती भीती. आणि खरे सांगायचे तर ती त्यांच्यापेक्षा आम्हांलाच अधिक लागली होती. ते खुर्चीतून उठले की आई माजघरातून विचारी, "खंय जातास?" मी माहेरी आले की म्हणे, "तुमी बसा बाबा, काय व्हया ता माका सांगा." पाण्याचा तांब्या हातात, वर्तमानपत्र हातात, चहा हातात. ज्या माणसाने तीस वर्षे रेडीच्या लोहखाणीवर तांबड्या धुळीतून चढउतार केली, त्याच्यासाठी फाटकापर्यंतचे वीस पावलांचे अंतरही आम्ही प्रेमाने मिटवून टाकले.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर इतरांच्या वडिलांना "चाला" म्हणून सांगते आणि घरी आपल्या वडिलांना "बसा" म्हणते, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष जावे लागले. एका सायंकाळी खुर्चीतून उठताना बाबांनी दोन्ही हातांचा जोर लावला, तरी पहिल्या प्रयत्नात ते उठू शकले नाहीत. ते हसले आणि पुन्हा बसले. मला मात्र हसू आले नाही.

बसण्याची किंमत

वाचकहो, वृद्धापकाळी स्नायू किती लवकर जातात याची आपल्याला सहसा कल्पना नसते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर विश्रांती घ्यायला लावली होती. एवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटले. गट लहान होता आणि खुर्चीत बसणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे, हे मान्य; परंतु दिशा तीच आहे. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू बारीक होतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. भीती अशी स्वतःला खरी करून दाखवते.

यात गुडघेदुखीची भर पडते. "चालल्याने सांधा अधिक झिजेल" हा समज घरोघरी आहे. वस्तुतः गुडघ्याच्या संधिवातात सपाट जमिनीवरचे, झेपेल एवढे चालणे वेदना कमी करण्यास साहाय्य करते, कारण सांध्याला आधार देणारे स्नायू त्यामुळे सशक्त राहतात. सांधा सुजलेला, गरम किंवा लाल असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मी ठरवले की बाबांना बाहेर काढायचे. पण कोठे? भाऊ म्हणाला, आंबोलीला जाऊ. माझ्या मुलाला गड चढायचा होता. मला मात्र अशी जागा हवी होती, जिची वाट सोपी असेल, सावली असेल, मध्येच परत फिरले तरी काही राहून गेल्यासारखे वाटणार नाही, आणि जिथे पोचल्यावर डोळ्यांना काही मोठे दिसेल. या साऱ्या अटी पुऱ्या करणारे एकच नाव माझ्या मनात आले : धामापूरचा तलाव.

चपला झिजवणारा देव

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाबांचा नकार ठरलेलाच होता. "तुमी जावा. मी हंयच बसतंय." मुलाने त्यांची काठी गाडीत नेऊन ठेवली आणि वाद संपला.

निघण्यापूर्वी मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, बाबांनी रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली की नाही. प्रवासाच्या दिवशी लघवीला जावे लागू नये म्हणून अनेक वडीलधारी माणसे गोळी चुकवतात आणि पाणीही पीत नाहीत. हे दोन्ही घातक आहे. उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते आणि कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर लवकर तापते. उपाय सोपा आहे : मार्गातील स्वच्छतागृहे आधी ठाऊक करून घ्यावीत आणि दर तासाला थांबावे. थांबण्याची सूचना आपणच करावी. त्यांना मागावी लागू नये.

दुसरी गोष्ट पादत्राणे. बाबा नव्या कोऱ्या चपला घालून तयार होते. मी त्यांना जुने, टाचेला पट्टा असलेले, तळ न झिजलेले सँडल घालायला लावले. सैल चपलेत पाय घासत चालावे लागते आणि घासत चालणारा पाय लहानशा दगडालाही अडतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर सहलीच्या दिवशी नवे पादत्राण कधीच घालू नये, आणि घरी परतल्यावर तळपाय उजेडात पाहावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही.

शिरोड्याची मिठागरे मागे टाकून आम्ही आरवलीला थांबलो. श्री देव वेतोबा हा आमच्या मुलखाचा राखणदार. तो रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला अर्पण करतात. फिरून फिरून त्या चपला झिजतात, असे जुनी माणसे सांगतात. माझ्या मुलाने विचारले, "आजोबा, देवाला चालायला का लागतं?" बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "राखण बसान होणा नाय रे." आपण काय बोललो हे त्यांना कळले असावे, कारण गाडीकडे परतताना त्यांनी माझा हात धरला नाही; काठी टेकत स्वतः चालत आले.

दोन डोंगरांमधले पाणी

वेंगुर्ले, कुडाळ आणि नेरूरपार करीत, थांबत थांबत आम्ही धामापूरला पोचलो. हे गाव मालवण तालुक्यात आहे. दोन डोंगरांच्या मधली जागा मातीच्या बांधाने अडवून हा तलाव १५३० साली बांधण्यात आला. विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने तो उभारला, असे सांगितले जाते. जवळजवळ पाच शतके हा तलाव शेती-बागायतीला पाणी देत आला आहे. सिंचन आणि जलनिस्सारण या विषयांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली.

काठावर भगवतीचे देऊळ आहे आणि देवळाकडून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. समोर दाट झाडीचे डोंगर आणि त्यांची हिरवी सावली पाण्यात. आम्ही गेलो तेव्हा वारा पडलेला होता. पलीकडच्या झाडीतून धनेश पक्ष्यांची जोडी जड पंखांचा आवाज करीत गेली आणि बाबांनी मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. वर्षभर पडवीतून त्यांना समोरच्या भिंतीपलीकडचे फारसे दिसलेच नव्हते, हे मला त्या क्षणी जाणवले.

निसर्गात घालवलेल्या वेळाचा आरोग्याशी संबंध आहे काय, याची इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकूण दोन तास किंवा अधिक वेळ झाडापाण्याच्या सान्निध्यात घालवणारे लोक स्वतःचे आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. मग ते दोन तास एका दमात असोत की तुकड्यातुकड्यांनी. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कदाचित निरोगी माणसेच अधिक बाहेर पडत असतील. तरीही ज्या औषधाला पैसे पडत नाहीत, ते योग्य काळजी घेऊन घेऊन पाहण्यात तोटा कोणता?

सर्वांत मागचा सर्वांत पुढे

कुटुंबाच्या सहलीत नेहमी एक चूक होते. तरुण पुढे जातात, वळणावर थांबतात, मागचा पोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्याला ती मुळीच मिळत नाही. वर आपण साऱ्यांना खोळंबून ठेवतो ही लाज त्याच्या वाट्याला येते. पुढच्या वेळी तो "तुम्ही जा" म्हणतो, ते या लाजेमुळे. आम्ही नियम केला की बाबा पुढे चालतील आणि त्यांना कोणी ओलांडायचे नाही. मुलाला ही अट प्रथम जाचक वाटली. मग त्याने मोबाइलवर आजोबांची पावले मोजण्याचे काम स्वतःकडे घेतले.

तलावाच्या बाजूने, सावली धरून, आम्ही निघालो. बाबांचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून काठी डाव्या हातात. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, ते चूक आहे. विरुद्ध हातातली काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली की सांध्यावरचा भार हलका होतो. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, ही तिची योग्य उंची. टोकाचे रबर झिजले असेल तर निघण्यापूर्वी बदलावे.

किती वेगाने चालावे? यंत्राची गरज नाही. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, हा मध्यम वेग. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत असेल तर वेग अधिक आहे. ज्यांनी वर्षभर चालणे सोडले आहे, त्यांनी पहिल्या दिवशी याहूनही सावकाश चालावे. छातीत दडपण, घाम फुटणे, भोवळ, जबड्यात किंवा हातात कळ यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "थोडं चालल्यावर बरं वाटेल" असे म्हणू नये. हृदयविकार होऊन गेलेल्यांनी सहलीपूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

थोड्या वेळाने बाबा थांबले. "पुरे," ते म्हणाले. आम्ही बसलो. कोकम सरबत घेतले. रक्तदाबामुळे बाबांच्या वाट्याचे बिनमिठाचे. केळी झाली. मी काही बोलले नाही, आणि आईला बोलू दिले नाही. मोठ्या झाडांमधून येणारी झुळूक, दूर पाण्यावर सूर मारणारा खंड्या. दहा मिनिटांनी बाबा आपणहून उठले. दोन्ही पाय मागे घेतले, अंग पुढे झुकवले आणि काठीच्या एका आधाराने उभे राहिले. मग म्हणाले, "वायच फुडे जावया."

परतल्यावर मुलाने आकडा जाहीर केला : एक हजार नऊशे चाळीस पावले. "आजोबा, दहा हजार लागतात!" बाबांचा चेहरा किंचित पडला. तेव्हा मला मुलाला सांगावे लागले की दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्राने ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नाव 'दहा हजार पावले मोजणारे' अशा अर्थाचे होते. तेथून तो आकडा जगभर रूढ झाला. सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर पुष्कळ कमी आढळला, आणि साडेसात हजारांनंतर अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे सर्वांत मोठा लाभ खुर्चीतून उठणाऱ्यालाच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे, हेही तीच संघटना सांगते.

पाणी, पाने आणि पायऱ्या

शांत पाणी फसवे असते. तलावाच्या पायऱ्यांवर पाण्याच्या रेषेलगत शेवाळ धरते आणि तेथेच मुलांना पाय बुडवायचे असतात. पोहता येणाऱ्यानेही अनोळखी तलावात उतरू नये. लहान मूल हाताच्या अंतरावर असावे. नजरेच्या अंतरावर असणे पुरेसे नाही. आमच्या रेडीसारख्या खाणींच्या मुलखात तर हा इशारा अधिक ठामपणे द्यायला हवा. वापरात नसलेल्या खाणींच्या खड्ड्यांत साठलेले पाणी निळे-हिरवे, सुंदर दिसते. पण त्याला उतार नसतो, काठापासूनच खोली सुरू होते आणि माती खचते. ती सहलीची जागा नव्हे.

पायऱ्या चढता-उतरताना एक सूत्र ध्यानात ठेवावे : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि काठी दुखऱ्या पायाबरोबर. सोबतच्या माणसाने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. खांदा धरून ओढू नये.

रानात बसताना पाचोळ्यावर बसू नये, सतरंजी घ्यावी. २०१६ साली आपल्या जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली होती. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत त्याचा धोका वाढतो. प्रत्येक रानात तो असतो असे नाही. भिऊन घरी बसण्याचेही कारण नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी आल्यावर साबण लावून गरम पाण्याने स्नान करावे आणि अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना हे पाहावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून आल्यावर काही दिवसांत कडक ताप आला तर आपण कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच चिखलपाण्यातून जावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसही मनात ठेवावा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात पाय घालू नये.

घेतलेले परत करावे

निघण्यापूर्वी आईने नातवाला धामापूरची आख्यायिका सांगितली. पूर्वी म्हणे गावात लग्न निघाले की लोक फुलांची परडी तलावात सोडत. परडी बुडे आणि वधूसाठी मागितलेले दागिने घेऊन वर येई. कार्य आटोपले की दागिने परत पाण्यात सोडायचे. एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून परडी रिकामीच राहिली.

परतीच्या वाटेवर ती गोष्ट मनात घोळत राहिली. बाबांच्या पायांतले बळ आम्ही काळजीच्या नावाखाली काढून घेतले होते. ते परत करणे आमच्याच हाती होते. धामापूर हे केवळ निमित्त. एका रविवारने स्नायू परत येत नाहीत. खरे काम सोमवारी सकाळी सुरू झाले. तांब्या आता आत ठेवला जातो, पाणी हवे तर बाबा उठतात. दिवसातून दोनदा, ओट्याला धरून, खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे. फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत, मग द्विभुज गणपतीच्या वाटेला लागून जमेल तिथून परत. अंगणातले शेवाळ भावाने खरवडून काढले. खरे तर वर्षभरापूर्वी करायला हवे होते ते हेच. आम्ही घसरणारी जमीन सोडून चालणाऱ्या माणसाला थांबवले होते.

आपल्याही घरात अशी एखादी खुर्ची असेल. तीत बसलेल्या माणसाला पुढच्या सुटीत जवळच्या एखाद्या तळ्यावर न्या. सावंतवाडीकरांना मोती तलावाचा काठ आहे. इतरांना आपापल्या गावची तळी ठाऊक असतील. सोपी वाट म्हणजे कमी प्रतीची वाट नव्हे. ज्या वाटेवरून माणूस स्वतःच्या पायांनी परत येतो आणि पुन्हा जावेसे म्हणतो, ती वाट त्याच्यासाठी पुरेशी उंच असते.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा पडवीत येऊन उभे राहिले. खुर्चीत बसले नाहीत. अंधारात फाटकाकडे पाहत त्यांनी नातवाला विचारले, "फाल्या खंय जावया रे?"